पाचव्या प्रकरणातली लाल रेघ

कारखाना चालू असला की वसाहतीत चोवीस तास लाईट असते, कारण ती कारखानाच बनवतो. पण तवा कल्याणला टाइम नसायचा. मार्चमधे पट्टा पडला, म्हणजे उसाचं गाळप संपलं, चिमणी थंड झाली की टाइमच टाइम, पण मंग लाईटीचा भरवसा नसायचा. त्याचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर अकरा तास चालायचा आणि दहाव्या तासाला लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. पुढं त्यानं मधेमधे जमा करून ठेवायची अक्कल लढवली, पण तोवर चार वर्षं गेल्ती. पीएचडीला एवढा वखत कामून लागला, असं कोणी विचारलं की तो एवढंच सांगायचा.

गडी मूळचा भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याचा. भोकरदनला बीएस्सी केली, विद्यापीठात फिजिक्समधे एमएस्सी. फर्स्ट क्लास आला आणि त्याच वर्षी प्राध्यापकांच्या जागा निघायच्या बंद झाल्या. मंग एक साखरेचा कोर्स करून अंबड तालुक्यातल्या एका कारखान्यात लॅब केमिस्ट म्हणून लागला. तात्पुरता म्हणून आल्ता. दोन हजार सालापासून तिथंच हाय.

लॅबचं काम म्हणजे सारखं तेच. दर दोन तासांनी रसाचा नमुना येतो, मळीचा येतो, चिपाडाचा येतो. रस गाळून काचेच्या नळीत भरायचा, नळी यंत्रात ठेवायची, त्यातून उजेड सोडायचा आणि साखर त्या उजेडाला किती फिरवते ते बघून वहीत आकडा लिहायचा. आकडा लिहीपर्यंत पुढचा नमुना दारात उभा. तीन पाळ्यांत पाच महिने हेच. पाळी बदलली की झोप बदलायची, झोप बदलली की पोट बिघडायचं. पस्तिशीतच त्याच्या डोळ्यांखाली काळं आल्तं.

दोन हजार दहा साली तो एका कामानं विद्यापीठात गेल्ता. तिथं त्याला शिकवणारे तोष्णीवालसर भेटले. सर जालन्याचेच, व्यापाऱ्याच्या घरातले, पण दुकान सोडून गणितात पडलेले. ते म्हणाले, "कल्याणराव, डोकं गंजायला ठेवलंय का? रजिस्ट्रेशन करा. बाहेरून करता येतं." त्यांनी विषय दिला तो असा, की वसाहतीत कोणाला सांगायची सोय न्हाई.

सोन्याच्या अणूचा मधला गाभा घ्यायचा. असे दोन गाभे उजेडाच्या वेगाच्या जवळपास वेगानं समोरासमोर सोडायचे. हे काम परदेशातल्या मोठ्या यंत्रात होतं, कल्याणकडं फक्त त्याचं गणित. दोन्ही बराबर नाकासमोर आदळले तर एक गोष्ट, पण बहुतेक येळा ते एकमेकांना घासून जातात. घासून गेले की मधे जो तापलेला गोळा तयार होतो तो गरगर फिरतो. इतका फिरतो की माणसाला ठाऊक असलेल्या कुठल्याच गोष्टीला तेवढी गिरकी न्हाई. आणि तो क्षणात थंड होऊन त्याचे हजारो कण उडतात. आता ह्या प्रत्येक कणाला आपापली एक बारकी गिरकी असते, तिला स्पिन म्हणतात. प्रश्न असा, की गोळ्याच्या मोठ्या फिरण्याच्या बाजूला ह्या बारक्या गिरक्या कलतात का? तर कलतात. सगळ्या न्हाई, शंभरात एखाद-दुसरी जास्ती कलते. लॅम्डा नावाचा एक कण हाय, तो फुटताना त्याच्यातला प्रोटॉन स्वतःच्या गिरकीच्या बाजूला थोडा जास्ती उडतो, म्हणून त्याच्यावरून हे मोजता येतं.

कल्याणनं शालूला, म्हणजे बायकोला, हे लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी एकदा सांगितलं. उसाचे दोन ट्रक घासून गेले तर जे तुकडे उडतील ते कसे फिरत उडतील, असं काहीतरी म्हणाला.

शालू म्हणाली, "मंग तुम्ही तुकडे मोजून राह्यले?"

"मोजणारे दुसरे हायेत. मी ते किती येयाला पाह्यजे ते काढून राह्यलो."

"आलेले तर मोजलेत त्यांनी. मंग तुमचं काय काम?"

ती भांडी घासायला उठून गेली.

शेजारच्या बायकांनी मात्र कुठून तरी सोन्याचं ऐकलं आणि चार-सहा महिने शालूच्या मागं लागल्या, की कल्याणराव सोन्याचं काही करून राह्यले म्हणे, आम्हालाबी सांगा. लॅबमधे नमुने आणणारा बबलू पाळीला आला की पहिलं विचारायचा, "साहेब, आज धडकले का गोळे?" कल्याण म्हणायचा, "धडकले. तू रस आण."

ह्या विषयात एक गाठ होती आणि ती कोणालाच सुटत नव्हती. गोळ्याचं एकूण फिरणं, त्याचं गणित आणि मोजमाप चांगलं जमत होतं. पण गोळा फुगताना त्याच्यात बारके भोवरेबी पडतात. केदारखेड्याला पूर्णेच्या पुलाच्या खांबाला पाणी अडतं आणि खांबाच्या दोन्ही अंगांना भोवरे पडतात, एक उजवा, एक डावा, तसे. गोळ्यात असे चार भोवरे. त्यांच्यामुळं कणांच्या गिरक्या गाभे ज्या रेषेत धावत येतात त्या रेषेत कलतात, कुठं पुढं, कुठं मागं. हे कलणं अगदीच थोडं, हजारात दोन-चार. यंत्रावरची मापं दोन हजार अठरात लोकांसमोर आली तर गणिताच्या बराबर उलटी. जिथं गणित अधिक म्हणायचं तिथं यंत्र वजा. जगातल्या मोठमोठ्या लोकांचं गणित उलटं येत होतं, आणि कोणाचं चुकतंय ते कोणी सांगू शकत नव्हतं.

त्याच सालच्या जुलैत, दुपारी अडीच वाजता, कल्याणच्या कॉम्प्युटरवर आलेख उमटला आणि तो सुलटा होता. यंत्राशी जुळणारा. अधिकाला अधिक, वजाला वजा.

त्यानं पुन्हा चालवला. पुन्हा तेच. सरांना फोन केला तर सर म्हणाले, "मला पाठवा, आणि कोणाशी बोलू नका." तिसऱ्या दिवशी सरांचाच फोन, "कल्याणराव, गोळा पाण्यासारखा वाहतो असं धरलेलं तुमचं मॉडेल साधं आहे, पण साध्यातच सापडतं कधीकधी." सर तीन वर्षांनी निवृत्त होणार होते. त्यांच्या आवाजात असा जीव कल्याणनं आधी कधी ऐकला नव्हता. दिवाळीच्या आत त्यांनी दोघांच्या नावानं पेपर लिहून एका नियतकालिकाला पाठवूनबी दिला.

आता कल्याणला घाई होती ती वेगळ्या कारणानं. रजिस्ट्रेशनला मिळायची तेवढी मुदतवाढ मिळून संपली होती. दोन हजार एकोणीसच्या तीस जूनच्या आत प्रबंध जमा झाला न्हाई तर सगळं रद्द. आणि घनसावंगीकडच्या एका कॉलेजात फिजिक्सची एक कायमची जागा निघणार होती, तिला पीएचडी लागत होती. शालूला चिमणीच्या राखेनं बारा महिने खोकला. दोरीवरची साडी संध्याकाळी काढली की काळी. डॉक्टर म्हणाला होता, औषध मी देतो, पण जागा बदला. जागा बदलायची तर पाळी सुटली पाह्यजे, पाळी सुटायची तर ती नोकरी, आणि नोकरीचं सगळं पाचव्या प्रकरणावर. पहिल्या चार प्रकरणांत दुसऱ्यांनी काय केलं तेच होतं. त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच, तो सुलटा आलेख.

फेब्रुवारीत एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला कारखान्याला ऊस घालणारे अण्णासाहेब लॅबमधे आले. पांढरं धोतर, पायात करकर वाजणारा जोडा, सत्तरीचा माणूस. तोडणीचा नंबर उसाच्या पिकलेपणावर लागतो, आणि अण्णासाहेबांच्या उसाचा आकडा कमी आल्यामुळं त्यांचा नंबर मागं गेल्ता. बगलेत चार कांड्या होत्या.

"केमिस्ट, तुझं यंत्र माझ्या उसाचं वैरी हाय का?"

"बसा अण्णा. मोठं यंत्र व्होल्टेजनं बंद पडलंय. जुन्यावर काढून दाखवतो."

"दाखव. मला डोळ्यानं पाह्यचंय. कागद नको दाखवू."

जुनं यंत्र म्हणजे एक लांब नळकांडं. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा, मधे रसाची नळी. डोळ्यासमोर अर्धा गोल उजळ, अर्धा काळा दिसतो. चकती फिरवत दोन्ही अर्धे सारखे करायचे. जेवढी फिरवावी लागली तेवढी साखर. कल्याणनं चारी कांड्यांचा रस काढला, गाळला, नळी भरली आणि डोळा लावून चकती फिरवली.

"हे बघा अण्णा, घड्याळाच्या काट्यासंग फिरली. साखर असली की अशीच फिरती. ह्या बाजूला प्लस."

अण्णासाहेब आलटून पालटून त्याच्याकडं आणि चकतीकडं बघत होते. मंग टेबलाला वळसा घालून दिव्याच्या बाजूला गेले आणि तिथून वाकून बघायला लागले.

"आता फिरव."

कल्याणनं फिरवली.

"इकडून तर डावीकडं फिरून राह्यली."

"इकडून तशीच दिसणार."

"मंग? तू तिकडं बसला म्हणून प्लस. मी इथं बसलो तर माझा ऊस मायनस व्हय? ही कोणती तऱ्हा?"

बबलू दारात हसला. "अण्णा, तुम्ही बसाल तिकडं पूर्व."

"तू गप रे. मी ह्याला विचारून राह्यलो."

कल्याणला हे समजावून सांगायची सवय होती, दर हंगामाला कोणीतरी विचारायचंच. "तसं न्हाई अण्णा. ठरलेलं हाय. उजेड ज्याच्या डोळ्यात येतो, त्यानं बघायचं. त्याला घड्याळासंग दिसलं की प्लस. सगळ्या जगातल्या कारखान्यात असंच. बाकीच्यात हे उलटं..."

आणि तो तिथंच थांबला.

बाकीच्यात हे उलटं असतं. फिजिक्समधे गिरकी मोजताना उजव्या हाताचा अंगठा आपल्याकडं करायचा आणि बोटं जिकडं वळतात ते अधिक. ती बोटं घड्याळाच्या उलट वळतात. शाळेतल्या पोरालाबी ठाऊक.

"कामून बंद पडला?" अण्णासाहेब म्हणाले. "तुझंबी व्होल्टेज गेलं का?"

"न्हाई. लिहून घेतो. आकडा बरा हाय अण्णा, आधीच्यापेक्षा वर हाय. मी शेतकी विभागाला कळवतो."

"आधीच कळवायचं की मंग," म्हणत अण्णासाहेब समाधानानं गेले. पाळी चारला सुटणार होती. कल्याणनं त्या पाच तासांत अकरा नमुने काढले, आणि दर नमुन्याला काट्यासंग फिरवून प्लस लिहिताना त्याला वाटत होतं, आपण हे आत्ता पहिल्यांदा बघून राह्यलो.

घरी येऊन त्यानं चहाबी घेतला न्हाई. मूळ प्रोग्राम सरांचा जुना, पंचवीस वर्षं तपासून झालेला. गोळ्याचं एकूण फिरणं त्याच्यातनं निघायचं आणि ते बराबर यायचं, म्हणून कधी कोणाला शंका आली न्हाई. पण भोवऱ्यांचा भाग त्याच्यात नव्हता. तो कल्याणनं स्वतः लिहिला होता, पाच वर्षांपूर्वी. त्यासाठी आधी एका वहीत भोवऱ्याचं चित्र काढलं होतं. वही माळ्यावर सापडली. चित्रात एक गोल होता, त्याच्यावर घड्याळाच्या काट्यासंग जाणारा बाण आणि बाणाशेजारी अधिकची खूण. अशी खूण तो हंगामाच्या दिवसात रोज पंधरा-वीस येळा करायचा. हाताला तीच सवय.

प्रोग्राममधे ती एका ओळीत आल्ती. दोन पदं होती, पहिल्यातून दुसरं वजा करायचं. त्यानं दुसऱ्यातून पहिलं केलं होतं.

ओळ दुरुस्त करून प्रोग्राम लावला. हंगाम होता, लाईट गेली न्हाई. दुसऱ्या दिवशी आलेख आला तो उलटा. जसा सगळ्या जगाचा येतो तसा.

त्यानं तीन हप्ते कोणाला सांगितलं न्हाई. पाळीवर जायचा, यायचा, जेवायचा. पेपर तिकडं तपासणीला होता. एखादा तपासणारा धरंल असं त्याला रोज वाटायचं, म्हणजे सांगायची कटकट सुटंल. पण तपासणाऱ्यांची पत्रं आली ती चांगली. एकानं लिहिलं होतं, भाषा सुधारा. एवढंच.

चौथ्या हप्त्यात एका सकाळी शालू भाकरी थापत होती, तेव्हा त्यानं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकर उलटली, खोकली, मंग विचारलं, "कोणाला दिसलं का?"

"न्हाई."

"दिसंल का?"

"बघितलं तर दिसंल. बघत कोणी न्हाई."

"केवढी चूक हाय?"

"एक ओळ. ह्याच्यातून ते वजा करायचं, त्याच्याऐवजी त्याच्यातून हे केलं."

"आणि त्याच्यापायी सगळं जायचं?"

"सगळं त्याच्यावरच उभं हाय."

तिनं भाकर त्याच्या ताटात टाकली. "नऊ वर्षं मी त्या कॉम्प्युटरवरची राख झटकून राह्यले. आधी म्हणायचे, लाईट न्हाई. मंग म्हणायचे, टाइम न्हाई. आता दोन्ही हाय तर चूक हाय." थोड्या वेळानं म्हणाली, "मी सांगू नका म्हणणार न्हाई. सांगाबी म्हणणार न्हाई. तुमचं तुम्ही बघा. मला फक्त जून झाल्यावर काय ते सांगा, म्हणजे मी खोली बघायची का न्हाई ते ठरवीन."

पट्टा पडल्यावर दुसऱ्याच दिवशी तो विद्यापीठात गेला. सरांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद दगडांनी दाबून ठेवलेले होते. कल्याणनं दोन्ही आलेख शेजारीशेजारी ठेवले. सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"कुठे?"

त्यानं ओळ दाखवली. सरांनी पेन्सिलीनं बाजूला एक भोवरा काढला, अंगठा वर करून बोटं वळवली, दोनदा. मग पेन्सिल ठेवली.

"उजव्या हाताचा नियम तुम्हाला मीच शिकवला होता."

"हो सर. पण त्याच्यानंतर मी एकोणीस वर्षं घड्याळासंग प्लस लिहून राह्यलो. साखरेत तसं असतं."

सरांना हसू आलं, आणि लगेच गेलं. "मी दोन सभांमधे बोललोय ह्यावर. माणसं उभी राहून प्रश्न विचारत होती." शिपाई चहा ठेवून गेला.

"हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं, कल्याणराव."

"चाललं असतं."

"मग?"

"प्रोग्राम प्रबंधाच्या शेवटी छापायचाय सर. ती ओळ तिथं दिसणार."

"शेवटी छापताना ओळ बरोबर छापता आली असती," सर म्हणाले. ते कल्याणकडं बघत नव्हते. "म्हणजे, लोक करतात."

"करतात. माझ्याबी मनात आल्तं."

सरांनी चहाचा कप जवळ ओढला आणि प्यायला नाही. "ठीक आहे. पेपर मागे घ्यायचं पत्र मी लिहितो. तुम्ही काय लिहिणार? पाचव्या प्रकरणात आता उरलं काय? सगळ्यांचं उलटं येतं, तुमचंही उलटं येतं. ह्याला कोण पीएचडी देतं?"

"ठाऊक न्हाई सर. तीस जूनला देयाचंच हाय. लिहून बघतो."

एप्रिल-मे गेले. लाईट जायची तशी जात होती. त्यानं पाचवं प्रकरण दोनदा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं ते इतकं केविलवाणं झालं, की वाचून त्यालाच शरम वाटली. दुसऱ्यांदा त्यानं जे झालं तेच लिहिलं, लॅबच्या वहीत लिहितात तसं. साध्या मॉडेलनं काय येतं, ते बाकीच्यांसारखंच उलटं येतं, आपण ते कोणकोणत्या वेगांना आणि कोणकोणत्या घासण्यांना करून बघितलं, चौदा तऱ्हा, चौदाही तऱ्हांना उलटंच. म्हणजे खोट मॉडेलच्या साधेपणात दिसत नाही, ती अजून कुठंतरी खोल असावी. एवढंच.

सव्वीस जूनला तो सरांची सही घ्यायला गेला. सर पानं उलटत पाचव्या प्रकरणावर आले आणि थांबले.

"हे काय?"

पानावर जुना सुलटा आलेख होता. त्याच्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक लाल रेघ. शेजारी लिहिलं होतं, चूक, दिशेची खूण उलटी घेतली गेली. त्याखाली तारीख आणि सही. पुढच्या पानावर दुरुस्त आलेख.

"प्रबंधात चुकीचा आलेख ठेवतात का कोणी?"

"आमच्या लॅबच्या वहीत खोडरबर चालत न्हाई सर. आकडा चुकला तर खोडायचा न्हाई, आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाह्यजे, शेजारी बराबर आकडा आणि सही. न्हाईतर पाळी बदलल्यावर पुढच्याला कळत न्हाई काय झाल्तं ते."

"ही लॅबची वही नाही."

"तुम्ही सभांमधे बोलला होता सर. ज्यांनी ऐकलं ते हा आलेख शोधत येतील. त्यांना तो कुठंतरी सापडायला पाह्यजे, रेघेसकट."

त्या आलेखाच्या पेपरवर सरांचंही नाव होतं. मग त्यांनी पाचही प्रतींवर सह्या केल्या, एकदाही मान वर न करता, आणि म्हणाले, "जाताना दार ओढून घ्या. पंख्यानं कागद उडतात."

प्रबंध अठ्ठावीसला जमा झाला. घरी आल्यावर शालूनं विचारलं, "झालं?"

"दिलं."

"मिळंल?"

"न्हाई सांगता येत."

"मंग मी खोली बघून ठेवते," ती म्हणाली. "न्हाई मिळालं तरी खोकला हायेच."

तपासायला वर्ष गेलं. त्यातच लॉकडाऊन लागला. तोंडी परीक्षा मोबाईलवर झाली. लॅबच्या मागं जिथं रेंज येते तिथं खुर्ची टाकून तो बसला होता. कोलकात्याच्या परीक्षकानं विचारलं, ह्यात नवीन काय? कल्याण म्हणाला, नवीन काही नाही, अजून एका रस्त्यानं जाऊनही तिथंच पोचतो हे कळलं. परीक्षकानं थोडा विचार केला आणि सांगितलं की अशी कामं लोक छापत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा करत बसतात. पास केलं. शेरा लिहिला, मूल्य मर्यादित.

कॉलेजची मुलाखत पुढच्या साली झाली. समितीनं विचारलं, पेपर किती? एकही नाही. यादीत एक दिसतोय. तो मागं घेतला. कामून? चूक होती. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं पुढची फाइल ओढली. जागा तीन पेपरवाल्या पोराला मिळाली. पोरगं हुशार होतं, कल्याणनं नंतर त्याचे पेपर वाचून बघितले.

त्याच सुमाराला बाहेरच्या लोकांनी दाखवून दिलं, की सगळ्यांच्याच गणितात एक पद सुटत होतं. गोळा नुसता फिरत न्हाई, त्याचे थर एकमेकांवरून ताणलेबी जातात, आणि त्या ताणामुळंबी गिरक्या कलतात. ते धरलं की उलटं बरंचसं सुलटं होतं, सगळं अजून न्हाई. कल्याणनं ते प्रोग्राममधे घालून बघितलं. दोन ओळी लागल्या. बराबर होतं. त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि दुपारभर झोपला.

शालू आता अंबडला दोन खोल्यांत राहते. खोकला कमी हाय, गेला न्हाई. कल्याण मोटारसायकलवर जाऊन येऊन पाळी करतो. तोष्णीवालसर निवृत्त झाले, नातवंडांना दर आठवड्याला गणितं घालतात. प्रबंध विद्यापीठानं साइटवर टाकून दिलाय. त्याच्यावर आजवर एकच मेल आली, गेल्या डिसेंबरात, कुठल्या तरी परदेशी मुलीची. तिनं लिहिलं होतं, तुमच्या पाचव्या प्रकरणातल्या एका आलेखावर लाल रेघ दिसते, ती छपाईची चूक आहे का मुद्दाम आहे? कारण ताणाचं पद न घालताही माझा आलेख तसाच सुलटा येतोय.

त्यानं लॅबमधेच उभ्या उभ्या मोबाईलवर उत्तर लिहिलं, मुद्दाम आहे, तुमची दिशेची खूण तपासा, बहुतेक भोवऱ्याच्या ओळीत असेल. तेवढ्यात बबलू चिपाडाचा नमुना घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, जल्दी करा, मागं अजून दोन हायेत."